‘मले समजलं नाई’ म्हणणारी सुकेशनी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता सत्तरी उलटली. सुकेशनीबद्दल मी लोकांना जे सांगत आलो ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं सांगायला दुसरं कोणी नाही.

सुकेशनी माझी विद्यार्थिनी. भर सभेत उभी राहून ती "मले समजलं नाई" म्हणते. लाजत नाही, चिडतही नाही. पाणी मागावं तसं म्हणते. अकोल्याच्या एका शेतकरी मेळाव्यात पाहुणे जमिनीच्या आरोग्यावर तासभर बोलले. आभाराच्या आधी ही उठली.

"साहेब, मले समजलं नाई. शेतकऱ्यानं उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं?"

पाहुणे कागद उलटेपालटे करू लागले. मागून एक म्हातारबा ओरडले, "बाई, आमालेबी नाई समजलं!" मी व्यासपीठावर होतो. मला दरदरून घाम फुटला, कारण ते भाषण मीच लिहून दिलं होतं.

तिला पाहायला पाहुणे आले तेव्हा तिच्या बाबांनी मला वडीलधारा म्हणून बोलावलं. पोहे झाले. मुलाचे मामा ऐसपैस बसत म्हणाले, "आमची तं काहीच अपेक्षा नाई. तुमी तुमच्या पोरीले जे द्यायचं ते द्या."

"मामा, मले समजलं नाई," सुकेशनी म्हणाली. "अपेक्षा नाई, मंग द्यायचं काय?"

मामांचा चमचा हवेतच राहिला. मी इतका हादरलो की रिकाम्या कपातून चहा पिऊ लागलो. सोयरीक तिथंच मोडली. तिचे बाबा, कापसाच्या जिनिंगवर हमाली करणारा अबोल माणूस, मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "सर, पोरगी बरोबर बोलली ना?"

मला धक्का बसायचं कारण असं, की हीच मुलगी अमरावतीला आमच्या कॉलेजात तीन वर्षं फक्त मान हलवत होती. मी मृदाशास्त्र शिकवायचो. काहीही विचारा, हिची मान खाली-वर. शेवटच्या वर्षी जर्मनीला एक सत्र शिकायला एक विद्यार्थी पाठवायचा होता. निवड समितीत मी होतो. तिचे गुण सगळ्यांत जास्त. मी तिच्या नावापुढे शेरा मारला : ‘प्रश्न विचारत नाही. परदेशात टिकणार नाही.’ आणि पहिलं नाव दुसऱ्याचं घातलं. त्या मुलानं ऐनवेळी माघार घेतली, म्हणून ती गेली. पुढं मात्र मी अमरावतीभर सांगत सुटलो, "सुकेशनीले मीच पाठवलं."

तिकडेही तिनं दोन महिने मानच हलवली. एक दिवस प्रयोगशाळेत न समजलेल्या सूचनेला मान हलवली आणि मातीचे सगळे नमुने वाया घालवले. आता परत पाठवतील म्हणून ती रडत बसली. तिथले म्हातारे प्राध्यापक खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, हे पहिल्यांदा मलाही समजलं नव्हतं. प्राध्यापकाला समजलं नव्हतं! सुकेशनी थक्क झाली. त्या दिवसापासून ती खोलीवर भात शिजेपर्यंत आरशासमोर उभी राहून तेवढं एक वाक्य घोकायची. आधी वऱ्हाडीत, मग इंग्रजीत. म्हणाली, "सर, तिथं माह्याशी वऱ्हाडीत बोलणारा आरसाच होता."

आता ती बार्शीटाकळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या हिवाळ्यात तिनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. "हे माहे सर. यायनंच मले जर्मनीले पाठवलं," असं तिनं वर्गाला सांगितलं. मी मान हलवली.

मग तिनं शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी उठली. "मॅडम, मले समजलं नाई." आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या! मी दचकून खुर्चीतून अर्धा उठलो.

"हे काय?" मी नंतर विचारलं.

"आमच्या वर्गाची रीत हाय, सर. जो म्हणते त्याले टाळ्या. पयल्यांदा म्हणायले लई भेव लागते. मी कॉलेजात एकदाच म्हणली होती."

कोणाच्या वर्गात, ते तिनं सांगितलं नाही. पण मला लख्ख आठवलं. पहिलं वर्ष, माझाच तास. तिनं हात वर केला होता. मी म्हणालो होतो, "तुह्या घरात आजवर कोणाले काही समजलं का, जे तुले समजंन?" वर्ग खदखदून हसला होता. मीही. तो हात मग तीन वर्षं खालीच राहिला, आणि त्याच न उठलेल्या हातासाठी मी तो शेरा मारला.

ती मला बसस्टँडवर सोडायला आली. अकोल्याची बस लागलेली होती. मी म्हणालो, "सुकेशनी, त्या दिवशी वर्गात मी जे…" आणि बसची पाटी वाचू लागलो.

तिनं माझी पिशवी खाली ठेवली. घाई केली नाही.

"मले समजलं नाई, सर," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "पुन्हा सांगता का?"

कंडक्टरनं घंटी मारली.

"काही नाही," मी म्हणालो. "पोरी हुशार आहेत तुझ्या."