वानखेडे साहेबांचा पिवळा चोर

वानखेडे साहेब कुणाच्या लग्नाला गेले नाहीत, पण पत्रिका मात्र मागून घ्यायचे. कोरी पाठ कात्रीने कापायची आणि पट्ट्या खिशात ठेवायच्या. आमच्या लखनौच्या लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच. ते मशीन दुरुस्त करणारे, मी पुसणारा. मी चौथीपर्यंत शिकलेला; पण माझ्या पुसण्याला कुणी नाव ठेवलं नाही, हे आधीच सांगतो.

मशीन म्हणजे काय, तर एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारा डोळा आणि मधे काचेची डबी. डबीत नुसतं पाणी असलं की आकडा शंभर यायचा. त्या दसऱ्यानंतर तो ऐंशीच्या वर चढेना.

लॅबच्या मोठ्या मॅडम तापल्या. "वानखेडे जी, शाम तक ठीक नहीं हुई तो कबाड़ में जाएगी. और जिसने हाथ लगाया है, उसको मैं छोड़ूँगी नहीं!"

मला रिटायर व्हायला चारच महिने राहिले होते.

साहेबांना घाई नाही. दिवा पाहिला, ठीक. वायर, ठीक. मग पडदे ओढले, डबीच्या जागी पत्रिकेची पट्टी धरली आणि मशीनलाच विचारलं, "उजेड दिव्यापासून तर पुरता निघाला. वाटेत कुणी खाल्ला गं?"

लाल उजेड सोडला. पट्टीवर स्वच्छ ठिपका. निळा सोडला, तर ठिपक्यात बोटाएवढी सावली.

"लाल सोडतो, निळा खातो," साहेब म्हणाले. "चोर पिवळा आहे."

मी थक्क. आत न डोकावता चोराचा रंग सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांनी मशीनमधल्या, उजेडाच्या वाटेवरच्या छोट्या खिडकीच्या काचेला नाक लावलं, आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांना हळदकुंकू लावतात. मी मशीनला हळदीचं बोट लावलं होतं. बाहेर कुणी पाहील म्हणून आत, काचेवर. नंतर पुसलंही होतं. माझ्या मते, स्वच्छ.

"पूजा केलीत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"एवढी वर्षं जिनं पोसलं, तिची करायची नाही?" मी ताठच.

साहेबांनी स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसली. आकडा शंभर!

मॅडम धावत आल्या. "किसने किया था?"

"धूल थी, मैडम. त्योहारों में बहुत उड़ती है."

पुढच्या खंडेनवमीला मी रिटायर होऊन घरी होतो. ई-रिक्शातून साहेब इंदिरा नगरला माझ्याकडे आले. खिशातून पत्रिकेत गुंडाळलेला जुना स्क्रू ड्रायव्हर काढला. लाकडी मुठीवर फिकट पिवळा डाग.

"आमची ही लावायची दरवर्षी," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली तिला जाऊन. मला जमत नाही. तुम्ही लावता?"

मी हळद कालवली. साहेब मूठ पुढे करून बसले होते, लहान मुलाने हात पुढे करावा तसे. जुन्या डागाला धक्का लागू नये म्हणून मी बोट त्याच्या शेजारी टेकवलं.