सांडशी, दाभण आणि ग्रेगचं हरीण

कुठल्याही कामात निम्मं यश हत्यारांच्या निवडीत असतं, हे माझं ठाम मत आहे. उरलेलं निम्मं माझ्या हातात असतंच!

लॉकडाउनमध्ये इथे परदेशात, आमच्या वेरिबीत गणपतीची मूर्ती मिळेना, म्हणून मी गॅरेजमध्ये मातीची घडवली. मंडळाच्या झूमवर चित्रलेखाताई म्हणाल्या, "अय्या, डोळे किती बोलके!" तेव्हापासून मी जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होतो.

तेवढ्यात शेजारच्या ग्रेगने कुंपणावरून मूर्ती पाहिली. हा पक्का शिकारी. वडिलांबरोबर मारलेल्या हरणाचं डोकं भिंतीवर लावण्याजोगं करून त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला द्यायचं, असं त्याने ठरवलेलं. कातडं कमावून आलं होतं, आत बसवायचं फोमचं डोकंही आलं होतं, पण दोन्ही जोडणाऱ्या कारागिराचं दुकान बंद.

"रिशी, यू पुट अ‍ॅन एलिफंट्स हेड ऑन अ बॉय!" ग्रेग म्हणाला. "डिअर ऑन अ डिअर? ईझी, मेट!"

"नो वरीज!" मी म्हणून बसलो. आमच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात, हे नंतर आठवलं.

हे काम शिकवणाऱ्या एका व्हिडिओत नवशिक्यांनी घ्यायची हत्यारं दाखवली होती. कान उलगडायला खास चिमटा, कडा तासायला सुरी, शिवायला जाड सुई. हॅ! हे सगळं तर घरातच होतं. चिमट्याऐवजी सांडशी घेतली, सुरीऐवजी बटाट्याचं सोलाणं आणि सुईऐवजी गोधडीची दाभण. फावल्या वेळात मी स्वतःचंच कौतुक करत होतो.

"माझी सांडशी कुठेय रे?" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"हरणाच्या कानात!"

मीनाक्षी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. "हृषीकेश, ती सांडशी, ते सोलाणं आणि तू, तिघांनीही आता इथेच राहायचं!"

सांडशीची पकड दांडगी. कान चांगलेच ताणले गेले. त्यात काचेचे डोळे पोस्टात अडकले आणि वाढदिवस उद्यावर आला! मग मी आपली हक्काची हत्यारं काढली. गणपतीची कोरणी, गणपतीचा ब्रश, गणपतीची उरलेली माती. डोळे घडवले, रंगवले, ओठही जरा नीट केले. हाताला एकच चेहरा ठाऊक, त्याला मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी चहा घेऊन आली. समोर बघितलं, चपला काढल्या आणि चक्क हात जोडले! मग भानावर येऊन किंचाळली, "हे काय करून ठेवलंयस?"

सुपाएवढे कान, अर्धवट मिटलेले डोळे, ओठांवर मंद हसू. आमची चिन्मयी म्हणाली, "बाबा, इट्स ब्लेसिंग मी!"

ग्रेग आला. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते काही बोलके नव्हते.

"मेट," तो म्हणाला, "व्हाय इज ही हॅपी? आम्ही गोळी घातली तेव्हा तो असा नव्हता!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्याची इतकी हौस, आणि मी तिची माती केली! पण दुसरी भेट आणणार कुठून? तो ते डोकं मुकाट्याने वडिलांच्या दारात ठेवून आला.

आठवडाभर मी कुंपणाकडे फिरकलो नाही. शेवटी त्यानेच गाठलं.

"डॅड ढसाढसा रडला," ग्रेग कुरकुरला. "म्हणतो, ही फरगेव्ह मी, हरणाने मला माफ केलं. बंदूक विकायला काढलीय! आता मी शिकारीला कुणाबरोबर जाऊ?"

म्हणजे माझी कला काळजाला भिडली होती! मी पुन्हा चार बोटं वर.

पुढच्या वर्षीही लॉकडाउन होतंच. मी त्याच हत्यारांनी, दुप्पट आत्मविश्वासाने मूर्ती घडवली. झूमवर आरती झाली, कॅमेरा मूर्तीवर नेला आणि कौतुकाची वाट पाहू लागलो. शेवटी चित्रलेखाताईंनी म्यूट काढलं.

"छान आहे हो! पण बाप्पा असा हरणासारखा दचकून काय बघतोय?"