वरणभातावर हे होत नाही

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो त्या दिवशी खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन तीन जिने चढलो. समोरच्या दारात पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, माझ्या नाकपुड्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तीन जिने, खांद्यावर सिलिंडर आणि धाप नाही? वरणभातावर हे होत नाही." एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

हे कर्णिककाका. स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते तंत्रज्ञ होते. अर्ध्या मुलुंडची लघवी त्यांनी तपासली होती आणि उरलेल्या अर्ध्याची तपासायला हवी असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या काळात आमच्याकडे माणसं एकतर क्रिकेटवर बोलत, नाहीतर पाण्याच्या वेळेवर. कर्णिककाकांचा जीव मात्र युरोपातल्या सायकल शर्यतींत अडकला होता. त्यांचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. तो तिकडची सायकलची मासिकं गठ्ठ्यानं आणून द्यायचा. जुलैत झालेली शर्यत मुलुंडला पोचायला दिवाळी उजाडायची. भाषा फ्रेंच, काकांना त्यातलं एक अक्षर कळत नसे. पण ते एकेक पान पुरवून पुरवून उघडत आणि मला बजावत, "शेवट सांगू नकोस हं!" जणू सबंध मुलुंडमध्ये तो निकाल माझ्याच कानावर आला होता.

मासिक बघायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी भिंग. "हे बघ बुबुळ. केवढं झालंय! आणि जीभ बघ. डोंगर चढतोय आणि जीभ आत? वरणभातावर हे होत नाही. दम वाढवायची गोळी आहे, गोळी!" तिथं चहासोबत काय खातात हे माहीत नसताना कोणत्या गड्यानं कोणत्या वळणावर काय गिळलं असेल हे ते छातीठोक सांगत. मग भिंग खाली ठेवत, फोटो हातभर लांब धरत, आणि त्यांचा आवाजच बदलायचा. "पण काय चढलाय रे! झकास!"

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून असे पाचपंचवीस फोटो चिकटवलेले होते. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह होतं. एकही गडी त्यातून सुटला नव्हता, आणि एकाचाही फोटो त्यांनी कधी काढून टाकला नाही.

हाच संशय पुढे इमारतीत पसरला. लेलेबाईंनी होळीला एकटीनं साठ पुरणपोळ्या लाटल्या, तेव्हा पोळी खाता खाता काका माझ्या कानाशी लागले, "बुबुळं बघून ये." लेलेबाईंच्या कानावर ते गेलं आणि पुढची होळी काकांनी बाजारच्या पोळीवर काढली.

तर अशा माणसाला आमच्या मंडळानं सव्वीस जानेवारीच्या सायकल शर्यतीचा पंच केलं. चेकनाक्यापासून भांडुपच्या टेकडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. टेकडीच्या चढाला काका 'आमचे आल्प्स' म्हणत. मंडळाची पोरं वाकड्या हँडलच्या रेसर सायकली मागून आणून, मांड्यांना तेल लावून उभी होती. आणि त्यांच्या शेजारी, मागं पावाचं भलंमोठं कॅरियर बांधलेली काळी सायकल घेऊन, दत्ताराम.

दत्ताराम आमचा पाववाला. मूळचा मालवणकडचा, पंचेचाळिशीचा, गिरणीत होता. संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा बेकरीतून पाव-अंडी घेऊन पहाटेपासून इमारती पालथ्या घालायला लागला. शर्यतीत तो उतरला तो पोरांनी डिवचलं म्हणून. आणि जिंकला! दुसरा गडी पोचला तेव्हा दत्ताराम कटिंग संपवून बशी धूत होता.

टाळ्या, शिट्ट्या, कोणी त्याला खांद्यावर घेतलेलं. तेवढ्यात काकांनी हात वर केला. "बक्षीस थांबवा. कॅरियरसकट आल्प्स? वरणभातावर हे होत नाही. नमुना पाहिजे." आणि खिशातून लॅबची बाटली काढली.

पोरं हसून लोळायला लागली. दत्तारामनं शांतपणे बाटली घेतली. "काय व्हया ता तपासा, सायबानू. वरणभात खंयचो? मी पेजेर वाढलंय."

मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुमच्या लॅबमध्ये गोळी घेतल्याचं कळतं?"

"नाही," काका म्हणाले. "साखर आणि अल्ब्युमिन कळतं. पण कुठेतरी सुरुवात व्हायला पाहिजे ना!"

संध्याकाळी ते लॅबमधून आले, मंडळाच्या माइकवर "विजेता निर्दोष" एवढंच म्हणाले आणि बक्षिसाचं भिंतीवरचं घड्याळ दत्तारामला देऊन निघाले. ना भाषण, ना आल्प्स. हे काही मला बरं वाटेना. मी जिन्यात त्यांना गाठलं.

साखरेची तपासणी तेव्हा साधी असे. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं-पिवळं झालं तर साखर, विटकरी झालं तर वाट लागली.

"विटकरी आला रे," काका म्हणाले. "पार विटकरी. त्याला पत्ताच नाही. अशा अंगानं तो रोज पहाटे सायकल हाणतोय." मग त्यांनी कठड्याला धरलं. "सगळ्या मुलुंडची साखर तपासली मी. घरातली राहिली. तिला नेहमी म्हणायचो, उद्या बघू." काकू गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या कशानं गेल्या हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साखरेचं नाव न काढता दत्तारामला डॉक्टरकडे चल म्हणून पाहिलं. तो हातच लावू देईना. "माका काय रोग नाय. बेकरीवाल्याक कळला तर फेरी दुसऱ्याक देतलो. गिरण गेली, आता ह्या पण घालवू?" त्याचंही खरंच होतं. आजारी माणसाच्या हातचा पाव कोण घेईल, ही भीती काही खोटी नव्हती.

मग काकांनी एक नियम काढला. "दत्ताराम, विजेत्यानं वर्षभर दर रविवारी नमुना द्यायचा असतो. तिकडे युरोपात सगळे देतात. नाहीतर घड्याळ परत." घड्याळ एव्हाना दत्तारामच्या घरी भिंतीवर लागलेलं होतं. तो कबूल झाला.

नियमाला पुढे फांद्या फुटल्या. खेळाडूला साखर-गूळ बंद, चहा बिनसाखरेचा. मग लॅबचे डॉक्टर 'शर्यतीचे अधिकृत डॉक्टर' म्हणून काकांच्या घरी आले. त्यांनी दत्तारामला आतल्या खोलीत नेऊन तपासलं आणि गोळ्या लिहून दिल्या. जो माणूस आयुष्यभर सगळ्या युरोपच्या तोंडातल्या गोळ्या शोधत होता, तो आता स्वतः एका विजेत्याच्या तळहातावर गोळी ठेवत होता.

"गोळी घेतली तर चोरी नाय?" दत्तारामनं विचारलं.

"ही परवानगीची आहे," काका दुसरीकडे बघत म्हणाले.

वर्षभर मी समोरच्या दारातून हा सोहळा पाहिला. रविवारी दहाला दत्ताराम यायचा. काका दिव्यावर नळी धरायचे, खिडकीतल्या उजेडात बघायचे. पिवळा झाला की दत्तारामची उलटतपासणी, "कोणाकडे बारसं होतं? खरं बोल!" निळा राहिला की "क्लीन!" अशी आरोळी, ती खालच्या मजल्यापर्यंत जायची. मग दोघं बिनसाखरेचा चहा घेत मासिकं उघडून बसायचे. दत्तारामही भिंगातून बघून म्हणायला लागला, "ह्याचे डोळे काय बरे नाय दिसत, सायबानू."

पुढच्या सव्वीस जानेवारीला दत्ताराम चौथा आला.

काकांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, त्याच्या हरण्यामुळे. पण जिन्यात ते हळूच म्हणाले, "आता तो विजेता नाही रे. रविवारी कशाला येईल?" नवा नियम काढायलाही त्यांना काही सुचलं नव्हतं.

रविवारी दहा वाजून गेले. काका गॅलरीत दोनदा येऊन गेले. मला राहवेना. दत्तारामला खरं काय ते सांगून टाकायचं, मग तो चिडला तरी चालेल, असं ठरवून मी खाली उतरलो, तर तो फाटकाशी सायकलला कुलूप लावत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. साखर, खोटा नियम, परवानगीची गोळी.

दत्तारामनं कुलपाची किल्ली खिशात टाकली. "माका म्हायत आसा," तो म्हणाला. "डाक्टरान पयल्याच दिसा आतल्या खोलीत सांगितल्यान. आता म्हयन्याच्या म्हयन्याक मी थंयच तपासून घेतंय. बेकरीवाल्याक पण कळला, तो काय बोलूक नाय."

"मग इथं कशाला येतोस?"

त्यानं कॅरियरमधून कागदात बांधलेले दोन कडक ब्रून पाव काढले. "आयतवारी तेंका घर खावक उठता. माका दिसता ना. मी नाय इलंय तर ते चाय कोणावांगडा पितले?" आणि मला बजावलं, "तेंका सांगा नको हां. तेंका वाटांदे, माका कायच कळना नाय."

तेवढ्यात वरून आवाज आला, "दत्ताराम! वीस मिनिटं उशीर! चाचणी चुकवणाऱ्यावर पहिला संशय येतो!" काका कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले होते. हातात परीक्षानळी होती.

"इलंय, सायबानू!" म्हणत दत्ताराम दोन-दोन पायऱ्या चढत गेला. थोड्या वेळानं वरून "क्लीन!" अशी आरोळी आली. मी तिथंच फाटकाशी उभा होतो. ती ऐकली आणि मग वर गेलो.