दयाराम काकाजींची उलटी गोधडी

आमच्या शेजारच्या दयाराम काकाजींच्या बैठकीत एक गोधडी टांगलेली आहे, आणि ती उलटी आहे. फुलाफुलांच्या तुकड्यांची बाजू भिंतीकडे, आणि जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लोकांकडे. आमच्या रुआबांधा वस्तीत नवा माणूस आला की हमखास सांगतो, "काकाजी, उलटी लागली." काकाजी म्हणतात, "तूच उलटा उभा हायेस." विषय संपला.

काकाजी स्टील प्लांटमध्ये रिगर होते, क्रेनला अवजड माल बांधून देणारे आणि खालून क्रेनवाल्याला डावी-उजवी सांगणारे. रिटायर झाले तरी काहीही उचलायचं म्हटलं की आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतात. लग्नात भाताचं घमेलं उचलणाऱ्या पोरांनाही थांबवतात. "आधी लोड पाहा!" माझ्या मुलीनं कुत्र्याचं पिल्लू पाळायचं म्हटलं, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं.

सुभद्रा काकूजी गेल्या आणि काही दिवसांनी काकाजींनी त्यांच्या हातची ही शेवटची गोधडी भिंतीवर लावायला काढली. मुलगा सुनील खिळे घेऊन आला. काकाजींनी त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. "मायच्या हातची गोधडी हाय, क्यालेंडर नाई."

मग कपडे वाळवायचे चिमटे लावून पाहिले. गोधडीनं मधेमधे पोट सोडलं आणि एकेक चिमटा उडायला लागला. शेवटचा काकाजींच्या चहात पडला.

मग त्यांनी गोधडी भाजीवाल्याच्या काट्यावर तोलून आणली. भाजीवाला विचारत होता, "बेचना है क्या, बाबूजी?" त्या वजनाला म्हणून जे हूक आणले ते एखादी म्हैस पेलतील असे होते. तार ओवली, टर्नबकल लावून ताणली. "आता पाहा कशी सुतात बसते," म्हणून आणखी एक आटा फिरवला, आणि प्लास्टर हुकांसकट सोफ्यावर आलं. धुरळ्यात उभे राहून काकाजी म्हणाले, "हूक पास हाय. भित फेल झाली."

मी दारातून पाहत होते. मी फारसं कोणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी तोंडून निघालं, "काकाजी, परकराला असतो तसा वरच्या बाजूला नेफा शिवला आणि त्यात बांबू घातला तर? वजन सगळीकडे सारखं वाटून जाईल."

"गोधडीचा परकर करतं काय वं?" ते चिडलेच. संध्याकाळी स्वतःच गोधडी घेऊन आले. "शिव. पण नेफा फुलांच्या अंगानं पाहिजे. आन् तुहा टाका अस्तरावर दिसला नाई पाहिजे."

"फुलं भिंतीकडे जातील, काकाजी."

"मले का समजत नाई?"

मी तसा शिवला. गोधडी बांबूवर छान सरळ बसली, उलटी.

पुढे नातीला, पिंकीला, पाहायला जुनवानीचे पाहुणे येणार होते. सुनीलच्या जिवाला घोर लागला. "बाबा, काढा तरी, नाई तं सुलटी तरी करा. लोक काय म्हणतील?"

"पोरगी पाहाले येऊन राहिले का गोधडी? हसले तं हसू दे. उलटीच राहीन."

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी काकाजी बाजारात गेल्यावर सुनीलनं गोधडी फिरवली. नेफा समोर आला. भिंतीवर परकर वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. तो ती घेऊन माझ्याकडे आला. "वहिनी, दुसरी तरफ बी एक नेफा लावून द्या ना. थोडी देर का काम है."

मी म्हटलं, "नाही."

त्याला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. "क्या?"

"नाही शिवणार. काकाजी सांगतील तर शिवीन."

मी त्याच्या हातातून गोधडी घेतली, त्यांच्या घरी गेले, आणि होती तशी उलटी टांगून आले.

पाहुणे आले. मी पोह्यांच्या बशा द्यायला होते. मुलाची आजी बसायच्या आधीच म्हणाली, "अवं बाप्पा, गोधडी तं उलटी हाय!"

सुनीलनं मान खाली घातली. काकाजी उठले. आता ते या बाईलाही उलटं उभं करतात, असं मला वाटलं.

"टाके याच बाजूनं दिसते, बाई," ते म्हणाले. "तिकडं फुलांत हरपून जाते."

अस्तरावर लाल दोऱ्याच्या ओळी होत्या. वरच्या ओळी पट्टीनं आखल्यासारख्या. काकाजींनी एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथवर तिले दिसत होतं. मंग शुगरनं डोळे गेले. पण शिवाचंच म्हणे. मी सुई ओवून देवो, आन् बाजूले बसून सांगो, जराशी डावीकडं, आता सीधी, बस. क्रेनवाल्यालेबी खालचं दिसत नसते."

आजी जवळ गेली. "आन् हे नागमोडी?"

"इथं भांडण झालं. मी डावीकडं म्हणो, ते उजवीकडं जाये."

आजी हसली. सुनीलनं उठून ट्यूबलाइट लावली.

अगदी खाली एक ओळ बाकीच्यांना सोडून तिरपी निघाली होती, ती थेट काठाला जाऊन थांबली होती. "आन् हे?" आजीनं विचारलं.

काकाजींनी त्या ओळीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"इथं मले झोप लागली होती," ते म्हणाले. "तिनं उठवलं नाई."