नावावरची रेघ

२०१८ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि सुरतेच्या लिंबायतीत भांड्यांवर नावं कोरणाऱ्या सुकलाल आप्पाशी माझं भांडण झालं. भांडण रेघेवरून.

आप्पा आमच्या खानदेशातला. भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा. अक्षरं कोरताना गावभरच्या गप्पा. पण वरची रेघ ओढायची वेळ आली की श्वास धरायचा. मध्येच गिऱ्हाईक बोललं, तर भांडं तसंच परत! गुणगुणत कोरणाऱ्या मशीनला तो ‘मच्छर’ म्हणायचा.

गुजराती नाव कोरायला साफ नकार. गुजराती अक्षरावर रेघ नसते ना. "बोडकं नाव शे ते. मच्छरवाल्याकडे जा." सुरतेत बसून हा माज!

मी तिसरी शिकलेला. पण चाळीस वर्षं लूमवर काढली, कुणाचं ऐकून घेतलं नाही. धाकट्या लेकीच्या लग्नाची भांडी घेऊन गेलो. तिला नाव गुजरातीत हवं होतं.

"कोर आप्पा."

"नही कोरत."

"लिपी काय तुझ्या बापाची आहे?"

"तुझ्या बापाची तरी होती ना!"

भांडी उचलली. महिनाभर त्याच्या ओट्यापुढून मान वळवून गेलो.

त्याचं दुखणं सगळ्या गल्लीला माहीत होतं. एकुलत्या लेकीनं बारडोलीच्या गुजराती पोराशी लग्न केलं. नऊ वर्षं आप्पानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशच्या लेकी माहेरी येतात. त्या दिवशी हा दार लावून घरात बसायचा.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी त्यानंच मला हाक मारली. फडक्यातून स्टीलचा छोटा पेला काढला. मी अडखळत वाचलं. ‘हेतल’. गुजरातीत.

"काय आप्पा, रेघ विसरला?"

"नात शे माझी. शाळेत गुजरातीच शिकते म्हणे. तिला वाचता नको यायला?" खाली बघत म्हणाला, "तूच देऊन ये. लेकीनं मला दारातून परत लावलं तर?"

"मी हमाल नाही," म्हणालो आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्या दारात गेलो. पेल्यासकट त्याला बाहेर काढलं, कुलूप मीच लावलं, किल्ली माझ्या खिशात घातली, आणि बारडोलीच्या बसमध्ये त्याला खिडकीशी बसवून उतरायच्या बाजूला मी बसलो.