नमुना घर, दहा ते पाच

म्हातारपण एकदम येतं, निधी मात्र टप्प्याटप्प्यानं येतो. दोघांची गाठ पडायची तर कुणीतरी थांबायला हवं. निधीला थांबता येत नाही (मार्चमध्ये परत जातो), म्हणून म्हातारे थांबतात. यात कुणाचीच चूक नाही.

आमच्या शहरात कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं बांधायचं काम एक मंडळ करतं. मंडळ कामाला पक्कं. आधी इमारत बांधायची आणि मग लोकांना दाखवायची हा जुना, अडाणी प्रकार झाला. त्यात इमारत होईपर्यंत देणगीदाराला बघायला काहीच नसतं. आणि झाली की तिच्यात म्हातारे राहायला येतात, मग तर बघण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणून मंडळानं आधी एक नमुना घर बांधलं. मोकळ्या प्लॉटच्या मधोमध, एकटंच. वाढदिवसाच्या केकवर एकच मेणबत्ती असावी तसं.

घर उत्तम आहे, खोटं कशाला बोलू? एक खोली, ओटा, मोरीत धरायला स्टीलचे दांडे, आणि पाय अडकू नये म्हणून उंबरठाच नाही. योजना आठ मजली असल्यामुळे दाराशेजारी लिफ्टचं बटणही बसवलंय. दाबलं की लाल दिवा लागतो. लिफ्ट नाही, कारण वर जायला वर काही नाही. (पण बसवल्यापासून एकदाही बंद पडलेली नाही. दुसऱ्या कुठल्या लिफ्टबद्दल असं सांगून दाखवा.) नळ चकचकीत आहेत. पाणी दुसऱ्या टप्प्यात आहे.

तरी नुसतं घर बघून पाहुण्यांना भरून येत नव्हतं. एक देणगीदार बाई म्हणाल्या, "सगळं गोड आहे हो, पण ज्येष्ठ कुठायत?" झालं. मंडळाची तातडीची बैठक, आणि सदर घरात एक नमुना ज्येष्ठ ठेवायचा ठराव. पात्रतेच्या अटी अशा:

उत्पन्न कमी असावं, पण कपड्यांवर दिसू नये.
वय दिसावं, खोकला ऐकू येऊ नये.
समाधानी असावं. (कशाबद्दल, ते नंतर कळवण्यात येईल.)
योजनेत अर्ज केलेला असावा, म्हणजे गरज अस्सल.

आधी एक निवृत्त मास्तर नेमले होते. "कसं वाटतंय इथे?" असं पाहुण्यांनी विचारलं की ते सांगायचे. त्यामुळे त्यांना प्रकृतीच्या कारणावरून मुक्त करण्यात आलं. प्रकृती त्यांची ठणठणीत होती, मंडळाची बिघडत होती.

मग नंबर लागला माझ्या आत्याचा.

आत्या चौथ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायची. लिफ्ट नाही, गुडघे दोन्ही गेलेले. भाजी आणायला खाली उतरली की वर जायचं म्हणजे तिला डोंगर चढणं. त्यात घरमालकाला इमारत विकायची होती आणि तो रोज गोड बोलायला लागला होता, म्हणजे दिवस भरलेच. योजनेतलं घर मिळालं तर ठीक, नाहीतर फुटपाथ. (तू का नाही ठेवून घेतलीस, असं विचाराल. आम्ही चौघं एका खोलीत राहतो. चौथा झोपतो तेव्हा दार उघडं ठेवावं लागतं, पाय बाहेर राहतात.)

मंडळाच्या मॅडमनी तिला नीट शिकवलं. "काकू, काही करायचं नाहीये. खुर्चीत बसून स्वेटर विणायचा. कुणी आलं की हसून म्हणायचं, 'या ना, आपलंच घर आहे.' बस."

"आणि झोप आली तर?"

"खुर्चीतच पेंगा. गादीवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही."

आत्या बसली. दहा ते पाच. स्वेटर संपत आला की उसवायचा, कारण प्रत्येक पाहुण्याला तो अर्धाच दिसला पाहिजे. पूर्ण झालेल्या स्वेटरकडे बघून कुणी देणगी देत नाही. आत्यानं घरून तुळशीएवढं एक रोपटं आणलं, उशीचा अभ्रा आणला, ओट्यावर डबे लावले. निधीचा ओघ वाढला. मंडळाच्या सर्वेक्षणानुसार योजनेतल्या लाभार्थींपैकी शंभर टक्के लाभार्थी समाधानी निघाले. (सर्वेक्षण खुर्चीजवळच झालं.)

पाच वाजले की वॉचमन यायचा. "चला आजी, तुमचं घर बंद करायचंय."

"माझं घर आणि किल्ली तुझ्याकडे कशी रे?"

"अहो, मी रात्रभर बाहेर बसतो, तुम्ही दिवसभर आत बसता. दोघांत मिळून एक माणूस राहतोय म्हणा."

शेवटी घरमालकानं गोड बोलणं थांबवलं आणि महिनाअखेरीस खोली रिकामी करा म्हणाला. आत्या मॅडमकडे गेली. "मला इथेच राहू द्या की. बसतेच आहे, तर निजते पण."

मॅडम हळहळल्या. "काकू, तुम्ही राहिलात तर घर वापरलेलं होईल ना. वापरलेला नमुना दाखवायचा कसा? आणि तुमचा अर्ज आहेच की. आता फक्त पडताळणी राहिलीये."

पडताळणी म्हणजे अर्जदाराला खरंच घर नाही ना, हे सरकारी साहेबानं येऊन बघायचं. साहेब चोख माणूस. तो आधी चौथ्या मजल्यावर गेला. (त्यालाही धाप लागली, पण धापेला रकाना नव्हता.) दाराला कुलूप. घरमालक म्हणाला, "त्या कसल्या इथे? दिवसभर तिकडे नव्या घरात असतात. रोपटंसुद्धा नेलं."

साहेब नव्या घरी आला. दारात अनोळखी माणूस दिसल्याबरोबर आत्यानं सुया खाली ठेवल्या आणि शिकवल्याप्रमाणे हसली.

"या ना, आपलंच घर आहे."

साहेबानं बघितलं. डबे, अभ्रा, रोपटं, मोरीत दांडे. बटण दाबलं, लाल दिवा लागला. निकाल आला: अर्जदाराकडे लिफ्टसह सुसज्ज घर असल्याने अर्ज अपात्र.

मी मंडळात जाऊन ओरडलो. कारकून शांतपणे म्हणाला, "त्यांना तिथे राहत नसल्याचा पुरावा आणायला सांगा. म्हणजे कुठे राहतात त्याचा." तोपर्यंत महिना संपला होता आणि घरमालकानं कुलूप बदललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळशावर बसूनच वळसा चालला होता.

त्या संध्याकाळी पाच वाजता वॉचमन आला. आत्या गादीवरचं प्लॅस्टिक फाडत होती.

"आजी, हे काय?"

"घडी घाल याची. पावसाळ्यात तुझ्या खुर्चीवर लावू."

मॅडम धावत आल्या. "काकू, उठा बघू. असं नाही करायचं."

"साहेबांनी लिहून दिलंय माझं घर आहे म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाला मी खोटं पाडू? तुम्ही पाडा."

इथे मंडळाचं घोडं अडलं. हे घर तिचं नाही म्हणावं तर साहेबाची पडताळणी खोटी. साहेब खोटा तर त्यानं तपासलेलं मंडळाचं बाकीचं कामही तपासा. रात्रभर बैठक चालली, आणि मंडळ उगाच मंडळ नाही. सकाळी फीत कापण्यात आली. उद्दिष्ट होतं ज्येष्ठाला घर देणं. ज्येष्ठ आहे, घर आहे, ज्येष्ठ घरात आहे. सबब पहिला टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण. दुसरा, म्हणजे पाणी आणि आठही मजले, निधीच्या उपलब्धतेनुसार. तोवर बाकीच्या अर्जदारांनी या यशापासून प्रेरणा घ्यावी.

आत्या आता तिथेच राहते. पाणी मी कॅननं भरतो, रात्रीचं वॉचमन. पाहुणे दहा ते पाच चालूच आहेत, ही मंडळाची अट. आत्याचीही एक आहे: चपला बाहेर. आणि स्वेटर तिनं या वेळी उसवला नाही. तो सध्या वॉचमनच्या अंगात आहे.

प्रेरणा घ्यायला बाकीचे अर्जदारही येतात. मास्तर तर रोजच. घर बघत नाहीत, बटण दाबतात आणि हात मागे बांधून लिफ्टची वाट बघत उभे राहतात.

"मास्तर, वर काही नाहीये हो," आत्या आतून ओरडते.

"माहितीये. सवय ठेवतोय."

तुम्हीही या एकदा, पोरांना घेऊन या. बटण दाबायचं असेल तर मास्तरांच्या मागे उभे राहा, रांग आहे. अर्जही तिथेच मिळतो. वय बसत नाही म्हणून लाजू नका. इमारत होईपर्यंत बरोबर बसेल.