चार पायांवरचे यशोजीराव

आमच्या कुंभकोणमच्या गल्लीत रोज पहाटे एक सुशिक्षित गृहस्थ आपल्या ओसरीवर चार पायांवर चालतात. ते शेजारचे यशोजीराव, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

"हें काय करूंलात?" मी एकदा आमच्या तंजावरी मराठीत विचारलं.

"व्यायाम! उभे राहिलों, तेंच चुकलें."

त्यांचा हा सिद्धांत गल्लीला पाठ आहे. चार खांबांचा मांडव माणसाने दोन खांबांवर तोलला, मग गुडघे झिजणारच. मला मात्र प्रत्येक गोष्टीला आकडा लागतो.

"कधीपासून?"

"चाळीस लाख वर्षें तरी."

"मग निसर्गाने दुरुस्ती का नाही केली?"

"निसर्गाची हमी लेकरें वाढेपर्यंतच. पुढें तुम्ही आणि तुमचे गुडघे!"

लग्नातसुद्धा ते आधी गुडघे बघतात, मग तोंड.

यंदा माझ्या बायकोचे, सुंदराचे गुडघे गेले. वाकता येईना. इथे पहाटे दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे कोलम, हवंच. दार कोरडं दिसलं की घरात कोणी गेलं असं समजतात. दूधवाल्याने हळूच विचारलं, "कोण?"

"गुडघे," मी म्हणालो.

छापील कोलम चिकटवू म्हटलं, तर सुंदरा म्हणाली, "मुंग्यांनीं काय कागद खायचा?" आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मग मीच पीठ घेऊन बसलो. ठिपके मोजून बरोबर आले. रेघा मात्र गटारापर्यंत गेल्या.

दुसऱ्या पहाटे दार उघडलं, तर यशोजीराव आमच्या उंबऱ्याशी चार पायांवर! व्यायामाला ओसरी पुरेना की काय, असं वाटलं. मग त्यांच्या चिमटीतून सुटणारी पिठाची रेघ दिसली. केसासारखी बारीक.

"कुठें शिकलांत?"

"आमच्या हिचेही गुडघे गेले होते. नवरा कोलम घालतो म्हणून तिला लाज वाटे. मग लोकांना सांगितलें, व्यायाम करूंलों."

ती जाऊन दोन वर्षं झाली. कोलम थांबलं, व्यायाम राहिला. त्यांचं दार तेव्हापासून कोरडंच होतं, आणि शेजारी असून मी कधी विचारलं नव्हतं.

मी आभार मानू लागलो. ते म्हणाले, "उभे राहिल्यानें हात तरी मोकळे झाले. त्यांना काम नको?"

आतून सुंदरा म्हणाली, "अण्णा, कापी प्या. आणि उरलेलें पीठ तुमच्या दारांत घाला."

यशोजीराव पिठाची वाटी घेऊन आपल्या उंबऱ्याकडे गेले.

आता मुंग्या दोन्ही दारांत येतात.